तीनशेचं साडेचारशे

२४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेलने दोन प्रोसेसर एकाच दिवशी बाजारात आणले. पहिला पेंटियम टू, ४५० मेगाहर्ट्झचा, घाऊक किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, ३०० मेगाहर्ट्झचा, किंमत १४९ डॉलर. थोड्याच दिवसांत जगभरच्या असेम्बली करणाऱ्यांमध्ये बातमी पसरली की दुसऱ्याला पहिल्याच्या वेगाने पळवता येतं, आणि बहुतेक वेळा तो पळतोही. त्यासाठी ना कुठे डाग द्यावा लागत होता, ना एखादी चिप बदलावी लागत होती. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये ६६ च्या जागी १०० निवडायचं, बस. सेलेरॉनचा मल्टिप्लायर, म्हणजे बसच्या ठोक्याला गुणायचा आकडा, साडेचार होता आणि तो कंपनीने कुलूपबंद केलेला होता. पण मदरबोर्डकडून येणारा बसचा ठोका कुलूपबंद नव्हता. साडेचार गुणिले शंभर म्हणजे साडेचारशे.

त्या काळात मी अमरावतीत एका दुकानाच्या मागच्या खोलीत मशीन जोडायचं काम करत होते. माल मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून पार्सलने यायचा. इंजिनिअरिंगची मुलं यायची आणि म्हणायची, "ताई, तीनशेचं साडेचारशे करून द्या ना." मी करून द्यायचे. पण मशीन रात्रभर टेबलावर ठेवून घेतल्याशिवाय हातात द्यायचे नाही, आणि त्यावरून कायम वाद व्हायचा. विंडोज सुरू झालंय, गेम चालतोय, मग आणखी बघायचं काय? प्रोसेसरला छापील वेगापेक्षा जास्त पळवण्याच्या, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच्या इतिहासात बहुतेकदा आकडेच सांगितले जातात: कोणी किती वेग गाठला, कोणाचा विक्रम कोणी मोडला. मला मात्र त्या मुलांच्या प्रश्नाचा इतिहास जास्त महत्त्वाचा वाटत आला आहे. यंत्र चालतंय हे डोळ्यांना दिसतं. ते बरोबर चालतंय हे कळायचं कसं? त्याचं उत्तर शोधायला बरीच वर्षं लागली, आणि ते शोधणारे बरेचसे लोक वेगाच्या मागे लागलेले नव्हतेच.

आधी मर्यादा म्हणजे काय ते सांगते. प्रोसेसरमध्ये प्रत्येक ठोक्याला सिग्नल एका टोकाकडून निघतो, ट्रान्झिस्टरांची साखळी ओलांडतो आणि पुढचा ठोका पडायच्या आत दुसऱ्या टोकाला नोंदला जातो. ३०० मेगाहर्ट्झला दोन ठोक्यांमध्ये ३.३ नॅनोसेकंद मिळतात, ४५० ला २.२. चिपमध्ये असे असंख्य मार्ग असतात. काही आखूड, काही लांब. वेग वाढवत गेलं की कधीतरी सगळ्यात लांबच्या मार्गावरचा सिग्नल वेळेत पोचत नाही. मग १ च्या जागी ० नोंदला जातो, आणि पुढचं सगळं काम त्या चुकीच्या शून्यावर चालू राहतं. प्रोसेसरला यातलं काही कळत नाही. तो चुकीचा आकडा एखाद्या पत्त्याचा असेल तर मशीन हँग होतं किंवा निळा पडदा येतो, आणि ते एका परीने बरंच. तो आकडा एखाद्या बेरजेतला असेल तर काहीच होत नाही. बेरीज चुकते, एवढंच.

आणि हा लांबचा मार्ग रोज वापरला जातोच असं नाही. पत्र टाइप करताना एक मार्ग, मोठा दशांशी गुणाकार करताना दुसरा. म्हणून दिवसभर गेम खेळलेलं मशीन रात्री व्हिडिओ रेंडर करताना पडतं.

मर्यादा ओलांडायचा हा उद्योग सेलेरॉनच्या कितीतरी आधीचा आहे. १९८४ मध्ये आयबीएमचा पीसी एटी आला, त्यातला २८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालायचा. बोर्डवर १२ मेगाहर्ट्झचं क्वार्ट्झ क्रिस्टल होतं, त्याच्या निम्म्या वेगाने प्रोसेसर चाले. लोकांनी ते काढून १६ चं क्रिस्टल लावलं आणि ८ मेगाहर्ट्झ मिळवले. आयबीएमला हे रुचलं नाही. पुढच्या बायोसमध्ये वेग तपासणारी एक पायरी घालण्यात आली, ठरलेल्यापेक्षा जास्त वेग सापडला की मशीन सुरूच व्हायचं नाही. कंपनी आणि मेकॅनिक यांच्यातली पुढच्या चाळीस वर्षांची ओढाताण इथून सुरू झाली असं मला वाटतं.

नंतर आलेल्या क्लोन मशीनवर टर्बोचं बटण असायचं, आणि कॅबिनेटच्या दर्शनी भागावर मेगाहर्ट्झ दाखवणारे लाल किंवा हिरवे आकडे. आमच्याकडच्या पिढीला ते चांगले आठवत असतील. ते आकडे काहीही मोजत नसत. मागच्या बाजूला बारीक जंपर असायचे, ते जसे लावाल तसा आकडा दिसायचा. ३३ चं मशीन ६६ दाखवू शकायचं. असेम्बलीच्या टेबलावर मला मिळालेला पहिला धडा हाच होता.

पेंटियमच्या काळात जंपर खुद्द मदरबोर्डवर आले. बस ५०, ६०, ६६. मल्टिप्लायर दीड, दोन, अडीच. जंपरची टोपी इकडची तिकडे केली की १३३ चं १६६ व्हायचं. याचा गैरफायदाही घेतला गेला. प्रोसेसरवरची छपाई घासून वरचा वेग छापायचा आणि तो महाग विकायचा, याला धंद्यात रीमार्क म्हणत. मल्टिप्लायर कुलूपबंद करण्यामागे रीमार्कचा हा उपद्रव हे एक कारण होतं. ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर ते कारण खोटं नव्हतं. घासलेला माल आमच्या टेबलावरही येऊन गेला आहे.

बसचा वेग वाढवण्यात एक गोम होती, ती फार थोड्यांना माहीत असायची. काही बोर्डवर ७५ आणि ८३ अशी सेटिंगं मिळत. हार्ड डिस्कचा कंट्रोलर ज्या पीसीआय बसवर बसलेला असतो तिचा ठोका ३३ मेगाहर्ट्झचा हवा, आणि त्या बोर्डवर तो मुख्य बसच्या निम्मा असायचा. म्हणजे ६६ ला ३३ बरोबर. ८३ ला साडेएकेचाळीस. प्रोसेसर एखादे वेळी ते सहन करायचा, पण डिस्ककडे जाणारा डेटा वाटेत बिघडायचा. एका डीटीपीवाल्या भाऊंनी दुसरीकडे जोडलेलं असं मशीन आमच्याकडे आणलं होतं. लग्नपत्रिका, स्मरणिका, निवडणुकीची पत्रकं असं त्यांचं काम. मशीन कधी हँग झालं नव्हतं, पण पेजमेकरच्या जुन्या फाइली एकेक करून उघडेनाशा झाल्या होत्या. दोन वेळा व्हायरस समजून त्यांनी सगळं फॉरमॅटही केलं होतं. मी सीडीवरची एक मोठी फाइल डिस्कवर कॉपी केली आणि दोन्ही प्रती बाइट बाइट ताडून पाहिल्या. त्या सारख्या नव्हत्या. पुन्हा कॉपी केली, तर या वेळी चूक वेगळ्याच जागी. बस ६६ वर आणली आणि प्रती तंतोतंत जुळल्या. भाऊंच्या आधीच्या स्मरणिका मात्र परत आल्या नाहीत. एका संस्थेच्या पंचवीस वर्षांच्या आठवणी त्यात होत्या, आणि छापील प्रतींशिवाय आता त्या कुठेच नाहीत. मशीन रात्रभर ठेवून घ्यायचा माझा हट्ट तिथून पक्का झाला.

सेलेरॉन ३००ए इतका गाजला त्यालाही पीसीआयचा हा ठोकाच कारण होता. १०० ची बस ही त्या वेळच्या ४४०बीएक्स चिपसेटला अधिकृतपणे मान्य होती. तिथे पीसीआयला तिसरा हिस्सा मिळे, म्हणजे पुन्हा ३३. त्यामुळे सेलेरॉन १०० वर चढवला की फक्त प्रोसेसरच मर्यादेबाहेर जायचा, बाकी सगळं मशीन आपापल्या हद्दीत राहायचं. शिवाय या सेलेरॉनला १२८ किलोबाइटची कॅश चिपमध्येच दिलेली होती आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालायची. पेंटियम टूची कॅश ५१२ किलोबाइटची, पण बाहेरच्या चिपांमध्ये आणि निम्म्या वेगाची. गेममध्ये दोघे जवळजवळ बरोबरीला यायचे. ॲबिट या तैवानी कंपनीच्या बीएच६ बोर्डवर तर जंपरही नव्हते, सगळं बायोसच्या सॉफ्टमेनूत. ज्यांच्या बोर्डवर अशी सोय नव्हती ते प्रोसेसरच्या कडेवरच्या बी२१ क्रमांकाच्या पट्टीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचे. तेवढ्याने बोर्डची समजूत व्हायची की हा १०० च्या बसचा प्रोसेसर आहे.

पण ३०० छापलेली चिप ४५० ला चालतेच कशी? आमच्या वरूड-मोर्शीकडे संत्र्याची प्रतवारी होते तशी चिपचीही होते. प्रत्येक चिप तपासून तिला वेगाचा शिक्का मिळतो. फरक असा की कारखान्याची पद्धत बसली की बहुतेक चिप वरच्या प्रतीच्या निघतात, पण बाजाराला स्वस्त माल हवाच असतो. मग चांगल्या चिपवरही खालचा शिक्का बसतो. १९९८ च्या उन्हाळ्यात ०.२५ मायक्रॉनची पद्धत अशीच चांगली बसलेली होती. तीच पद्धत ४५० च्या पेंटियम टूला वापरली जात होती. ओव्हरक्लॉक करणारा माणूस चिपमध्ये नवं काही घालत नाही. शिक्का आणि खरी कुवत यांच्यामध्ये राहिलेली जागा तो शोधतो. ती प्रत्येक चिपला वेगळी असते, आणि म्हणून तुमच्या मित्राची चिप ५०४ ला चालली यावरून तुमच्या चिपबद्दल काहीच ठरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. मशीनला असा प्रश्न विचारायला हवा की ज्याचं उत्तर आपल्याला आधीच पक्कं ठाऊक आहे, आणि तो सोडवताना चिपचा सगळ्यात अवघड मार्ग वापरला जाईल. असे प्रश्न गणित्यांनी आयते तयार ठेवलेले होते.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, लिंचबर्ग कॉलेजमध्ये थॉमस नाइसली हे प्राध्यापक जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. त्यांच्या नव्या पेंटियमचं उत्तर जुन्या मशीनशी जुळेना. त्यांनी स्वतःचा प्रोग्राम, कंपायलर, मदरबोर्ड असं एकेक करून काही महिने तपासलं आणि शेवटी बोट प्रोसेसरवरच ठेवलं. १ भागिले ८२४६३३७०२४४१ या भागाकारात आठव्या सार्थ अंकानंतरचं सगळं चूक येत होतं. हा दोष आराखड्यातला होता, वेगाशी त्याचा संबंध नव्हता. इंटेलला ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. पण पीसी वापरणाऱ्यांना त्यातून पहिल्यांदा ठळकपणे कळलं की प्रोसेसर शांतपणे चुकू शकतो, आणि ती चूक पकडायचा मार्ग म्हणजे तेच गणित दुसऱ्या मशीनवर करून बघणं.

दोन वर्षांनी, जानेवारी १९९६ मध्ये, जॉर्ज वोल्टमन या प्रोग्रामरने मर्सेन प्रकारच्या मूळ संख्या शोधायचा एक सामूहिक प्रकल्प सुरू केला. २ चा कुठलातरी घात, त्यातून १ वजा, अशा या संख्या. जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापल्या पीसीवर त्यांचा प्रोग्राम चालवायचा. विंडोजवरचं त्याचं रूप म्हणजे प्राइम९५. संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायची लुकास आणि लेहमर यांची रीत इतकी सुंदर आहे की ती इथे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची. तीच क्रिया पुन्हा, पुन्हा. २ चा पाचवा घात वजा १ म्हणजे ३१ घ्या. ४ चा वर्ग १६, वजा २, उरले १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४. त्याला ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२; बाकी शून्य. शून्य आलं म्हणजे ३१ मूळ आहे. घात जेवढा, त्याहून दोन कमी इतक्या वेळा ही क्रिया करायची. ५ साठी ती तीनदा झाली. नोव्हेंबर १९९६ मध्ये या प्रकल्पाला पहिली मूळ संख्या सापडली तेव्हा घात होता १३९८२६९ आणि संख्या ४,२०,९२१ अंकी. तिथे ही क्रिया जवळजवळ चौदा लाख वेळा करावी लागते, आणि त्यातली एक जरी चुकली तरी शेवटचं उत्तर मातीमोल.

त्यामुळे वोल्टमनना स्वयंसेवकांच्या मशीनवर विसंबून चालणार नव्हतं. एवढाल्या आकड्यांचा वर्ग प्राइम९५ दशांशी संख्यांच्या मार्गाने करतो, आणि प्रत्येक फेरीअखेर येणारे आकडे पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवेत. ते फार दूर गेले तर गणितात नव्हे, यंत्रात खोट आहे. अशा वेळी पडद्यावर ओळ यायची, तिचा अर्थ असा: राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं. जोडीला, उत्तरं आधीच ठाऊक असलेल्या संख्यांवरची एक टॉर्चर टेस्टही त्यात होती, मशीनला पिळून काढणारी. ती बनवली होती मूळ संख्यांच्या शोधासाठी. ओव्हरक्लॉक करणाऱ्यांनी ती उचलली आणि आजतागायत सोडलेली नाही.

जपानमधून दुसरी कसोटी आली. टोकियो विद्यापीठात यासुमासा कानादा यांच्या प्रयोगशाळेने १९९५ मध्ये पायचे ४२९ कोटींहून अधिक अंक काढले होते. त्या प्रोग्रामची पीसीवरची आवृत्ती सुपर पाय म्हणून फिरू लागली. दहा लाख अंक काढणं ही घाईची चाचणी, सव्वातीन कोटींहून अधिक अंक ही खरी परीक्षा, कारण तिच्यात रॅमही कसाला लागते. चूक झाली की सुपर पाय तिथेच थांबतं. हे प्रोग्राम आमच्यापर्यंत संगणकाच्या मासिकांसोबत येणाऱ्या सीड्यांमधून आले. अमरावतीतल्या त्या मागच्या खोलीत टोकियोचा पाय आणि फ्लोरिडातल्या वोल्टमनच्या मूळ संख्या रात्रभर चालत राहायच्या, याचं मला तेव्हाही अप्रूप होतं आणि आजही आहे.

कामाची रीत हळूहळू बसत गेली. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. प्रोसेसरची मर्यादा शोधताना रॅम मुद्दाम सावकाश ठेवायची, म्हणजे चूक कोणाची याचा घोळ होत नाही. वेग एक पायरी चढवायचा, विंडोज सुरू झालं की छोटी चाचणी. ती पार झाली की पुढची पायरी. पहिली चूक दिसली की व्होल्टेज किंचित वाढवून पाहायचं. सुरुवातीला थोड्या व्होल्टेजवर बराच वेग मिळतो. पुढे एक जागा अशी येते की तिथून तेवढाच वेग मिळवायला दुप्पट-तिप्पट व्होल्टेज चढवावं लागतं. शहाण्याने तिथे थांबावं. विजेचा खर्च वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी वाढवले की १.१ गुणिले १.२१, म्हणजे तेहतीस टक्के जास्त उष्णता. आणि चढ्या व्होल्टेजला चिपमधल्या धातूच्या बारीक तारांमधले अणू प्रवाहाबरोबर हळूहळू सरकत जातात. आज चालणारी चिप दोन वर्षांनी त्याच वेगाला चालत नाही. शेवटी जो वेग रात्रभर टिकला त्याच्या एक पायरी खाली उतरायचं आणि तिथेच मशीन बंद करून गिऱ्हाइकाला द्यायचं.

या शेवटच्या पायरीवर मुलं हळहळायची. पण परदेशी मासिकांमधले आकडे वातानुकूलित खोल्यांमधले असत, आणि आमचा मुलुख विदर्भ. हीटसिंक आणि पंखा चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. खोलीच्या वर चिप किती तापेल एवढंच त्यांच्या हातात असतं. डिसेंबरात खोली २० अंशांवर असेल आणि चिप ५० वर, तर मे महिन्यात कूलर बंद असताना खोली ४२ ला जाते आणि तीच चिप ७० च्या वर. तापलेल्या चिपमध्ये सिग्नल सावकाश पोचतो. म्हणजे थंडीत नीट तपासून ठरवलेली मर्यादा उन्हाळ्यात मर्यादा राहतच नाही. म्हणून थंडीत जोडलेलं मशीन मी बाजूचा पंखा बंद करून आणि कॅबिनेटचं झाकण लावून तपासायचे. पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नव्हतं. अमरावतीच्या हवेनेच ते शिकवलं.

२००० साली तर खुद्द कारखान्याचाच अंदाज चुकला. एएमडीने ६ मार्चला एक गिगाहर्ट्झचा ॲथलॉन जाहीर केला, दोन दिवसांनी इंटेलनेही गिगाहर्ट्झ गाठला. पुढे जाण्याच्या घाईत ३१ जुलैला इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री आणला. टॉम पाब्स्ट आणि काइल बेनेट या दोन परीक्षकांना तो अस्थिर आढळला. विंडोजवरच्या नेहमीच्या बऱ्याच चाचण्या तो पार करायचा, पण लिनक्सचं कर्नल कंपाइल करायला घेतलं की पडायचा. कंपाइल करणं हे लांबलचक आणि निर्दय काम आहे. हजारो फाइली, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी, आणि एक बिट इकडचा तिकडे झाला की सगळं कोसळतं. महिना संपायच्या आत इंटेलने चूक मान्य करून तो प्रोसेसर परत मागवला. कारखान्यातली सगळी यंत्रसामग्री असूनही जी मर्यादा सापडली नाही, ती बाहेरच्या दोन माणसांनी एका साध्या, रोजच्या कामातून दाखवून दिली. या विद्येच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं पान मी याला मानते. आठ-साडेआठ गिगाहर्ट्झचे विक्रम नंतर झाले. २०११ मध्ये एएमडीच्या एफएक्स प्रोसेसरने द्रवरूप हेलियमच्या थंडाव्यात ८.४२९ गिगाहर्ट्झ गाठले, पण ते क्षणभरापुरते. त्या वेगाला त्याने कोणाचं काम करून दिलं नाही.

त्याच २००० सालच्या ड्युरॉन आणि ॲथलॉनवर शिसपेन्सिलीने काही ठिपके जोडले की मल्टिप्लायरचं कुलूप उघडायचं, कारण ग्रॅफाइटमधून वीज वाहते. आमच्याकडच्या मुलांची ती आवडती करामत. पुढच्या काळात अशा पळवाटा बंद होत गेल्या. २००८ च्या अखेरीस ॲबिटने गाशा गुंडाळला. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंटेलचा पहिला कोअर आय७ टर्बो बूस्ट घेऊन आला. आता तापमान आणि वीज पाहून प्रोसेसर स्वतःच वेग वाढवू लागला. २०११ च्या आरंभी आलेल्या पिढीत बसचा ठोका बाकी सगळ्यांशी असा जखडला गेला की तो फारसा हलवताच येईना. मोकळा मल्टिप्लायर हवा तर नावापुढे के असलेला महागडा प्रोसेसर घ्यायचा. शिक्का आणि कुवत यांच्यामधली जी जागा आम्ही रात्री जागून शोधायचो ती कारखान्याने स्वतःकडे घेतली.

मला त्याचं वाईट वाटतं. पैसे वाचायचे म्हणून नव्हे. त्या जागेबरोबर तपासायची सवयही गेली म्हणून. स्वतः वेग चढवणारा माणूस संशयी असतो, त्याला ठाऊक असतं की आपण काठावर उभे आहोत. आता प्रत्येक मशीन काठाजवळ चालतं आणि ते वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

२०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी आपल्या सर्व्हरमधली एक गोष्ट उघड केली. काही फाइली गायब होत होत्या. शोधत शोधत ते एका प्रोसेसरच्या एका कोअरपर्यंत पोचले. तिथे १.१ चा ५३ वा घात काढून पूर्णांक घेतला की १५६ ऐवजी शून्य यायचं. ते शून्य फाइलीचा आकार म्हणून पुढे जायचं, आणि आकार शून्य असलेली फाइल अर्थातच कोणी उघडायला जात नव्हतं. कोणीही वेग चढवलेला नव्हता. त्याच वर्षी गूगलच्या लोकांनीही आपल्याकडच्या अशा चुकार कोअरबद्दल लिहिलं. एकेका कोअरला, एकेका सूचनेपुरती ही खोट.

आणि २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचं प्रकरण. वरच्या श्रेणीतली मशीनं गेम सुरू करताना पडत, आणि पडद्यावर संदेश येई की व्हिडिओ मेमरी अपुरी आहे. लोकांनी ग्राफिक्स कार्ड बदलून पाहिली. दोष प्रोसेसरमध्ये होता. गेमचा डेटा दाबून साठवलेला असतो, तो उलगडताना प्रोग्राम प्रत्येक टप्प्यावर पडताळणी करतो, आणि तिथे चूक पकडली जात होती. चढ्या व्होल्टेजला आणि तापमानाला राहून कोअरमधला ठोका पोचवणारा भाग झिजत होता, असं इंटेलने त्या सप्टेंबरात सांगितलं. म्हणजे नवी असताना स्थिर असलेली चिप काही महिन्यांनी त्याच वेगाला अस्थिर. कंपनीने मायक्रोकोडची सुधारणा दिली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजून गेलेली चिप मात्र सुधारणेने दुरुस्त होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते.

म्हणून मी अजूनही मशीन ठेवून घेते. हल्लीची मुलं म्हणतात, "मॅडम, यात आपण काहीच सेटिंग बदललेलं नाही, मग टेस्ट कशाला?" आधी बायोस अद्ययावत करते, मग रात्रभर प्राइम९५, सकाळी रॅमची चाचणी, आणि त्यानंतर एक मोठी फाइल दाबून, उलगडून, मूळ प्रतीशी ताडून पाहते. जुळली तर चाचण्यांच्या यादीवर तारीख आणि खोलीचं तापमान लिहून ती यादी कॅबिनेटच्या आत चिकटवते. वर्षभराने मशीन परत आलं की हीच चाचणी त्याच वेगाला पुन्हा लावायची असते.